चोवीस मागांचं व्याकरण

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मी हजेरी लिहायचे.
चोवीस माग, दोन पाळ्या,
आणि खडखडाट एवढा
की शब्दाचं शेपूट कानापर्यंत पोचायचंच नाही.
दोरा तुटला, तुटला.
दोरी तुटली, तरी तुटला.
सूत तुटलं, तरीही हात वर करून तुटला.
शाळेत छडी खाऊन पाठ केलेली माझी तीन लिंगं
धोट्याच्या येरझाऱ्यांत
आठवड्याभरात सपाट झाली.

कोण कोण होतं?
राजमल्लू येमूल, घरात तेलुगू.
शिवलिंगप्पा बिराजदार, घरात कानडी.
सरफराज जॉबर, त्याची दखनी तोंडात पानासारखी.
आणि कांड्या भरणारी नागम्मा,
जिच्याकडे थोरल्या बहिणीला एक शब्द, धाकटीला वेगळा,
आणि 'आम्ही'साठी चक्क दोन:
एकात समोरचा माणूस धरलेला,
दुसऱ्यात वगळलेला.
"आमच्यात पण आहे की," मी म्हटलं, "आपण आणि आम्ही."
"मग इथं का गं बोलत नाहीस?"
इथं एकच चालायचं, 'अपन'.
त्यात कोण आत आणि कोण बाहेर
ते पगाराच्या दिवशी कळायचं.

अनोळखी घरात शिरताना
भाषासुद्धा चपला दाराशी काढते.

पण माणसं टिकली.
सहा वर्षं, नऊ वर्षं, तीच बारा तोंडं,
तोच चहा, तीच गळकी पत्र्याची पन्हळ.
आणि हळूहळू त्या बोडक्या 'तुटला'ला
पालवी फुटायला लागली.

तुटतुट म्हणजे ताण्याचे दहा-बारा.
तुटल्लाऽ, ओढून, म्हणजे बीमच गेला, पळा.
मालक पाठीशी उभा असला
की शिवलिंगप्पा शेवटी 'री' लावायचा: तुटला री.
री त्या धाग्यासाठी नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक.
आणि राजमल्लूनं घरून आणलं एक 'अंट'.
तुटलांट:
तुटला म्हणे, कुणीतरी सांगितलं,
मी डोळ्यानं पाहिलेलं नाही, माझ्या नावावर लिहू नको.
हजेरीच्या वहीत याला रकाना नव्हता.
मी समासात बारीक 'अं' काढायचे.

मग गंजामहून बिपिन आला. एकोणीस वर्षांचा.
'तुटलांट' ऐकून तो धावत सुटला,
सात नंबरला, अकराला, परत सातला.
कुठंच काही तुटलेलं नव्हतं.
सगळे हसले. तो नाही हसला.
दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी
आम्ही सगळेच पायऱ्या उतरलो.
पुन्हा नुसतं तुटला. पुन्हा हात वर.
महिन्याभरात आमची आम्हालाच सवय मोडली.
"गेलं का गं ते सगळं?" मी नागम्माला विचारलं.
ती भाकरी मोडत होती.
"जातंय कुठं. पालथं घातलंय.
पोरगं रुळेपर्यंत."

पोरगं रुळलं की नाही, मी नीट पाहिलं नाही.
मधे दोन दिवाळ्या बोनसविना गेल्या.
सरफराजनं रिक्षा घेतली.
राजमल्लूचा खोकला
शेडपेक्षा मोठा झाला, आणि एके दिवशी थांबला.
माग किलोच्या भावानं गेले.
भंगारवाल्यानं ते मोजले
एक, दोन, तीन, असे,
कुठला सात आणि कुठला अकरा ते न विचारता.

काल रात्री सुरतहून फोन आला.
मागं तसाच खडखडाट, फक्त जास्त मागांचा.
"हजेरीदीदी," बिपिन ओरडत होता,
"शेड विकलांट?"

शेड, म्हणजे ती. विकली.
शाळेतली बाई माझ्या डोक्यात छडी उगारून उभी राहिली.
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विकला," मी म्हटलं.
अंट न लावता.
मी तिथंच उभी होते.